अण्णांचा चढ कुणी धरलाच नाही

आमच्या तासगावकडच्या चुलत्यांनी एका फेब्रुवारीत आठ दिवसांत बेदाण्याचे तीन सौदे तोंडी ठरवले, दारात ट्रॅक्टर असताना दुसऱ्याचा बयाणा दिला आणि रात्री दोनला उठून द्राक्षबागेत फवारा मारत बसले. दोन तासांची झोप, तरी थकवा नाही. गाव म्हणालं, 'अण्णा लई पेटल्यात.' पावसाळ्यात तेच अण्णा खाटेवरनं उठेनात. मग देवऋषी झाला, उतारा झाला. चढाला कुणी आजार म्हटलं नाही आणि उताराला करणी म्हटलं. डॉक्टरकडे नेलं ते तिसऱ्या पावसाळ्यात, तेही 'जेवत नाहीत, बोलत नाहीत' एवढंच सांगून.

घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ही दोन टोकं एकाच दुखण्याची, आज ज्याला बायपोलर म्हणतात त्याची आहेत, हे उमगायला वैद्यकालाही शतकं लागली. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत. वातज उन्मादात भलत्या जागी हसणं, गाणं, नाचणं. कफज उन्मादात एका जागी मुकाट बसणं, अन्नावरची वासना उडणं. वर्णन अण्णांना पाहून केल्यासारखं, पण खाती दोन. ग्रीक वैद्य अरेटियसनं दोन्ही अवस्था एकाच रोग्यात येतात हे फार पूर्वी टिपलं होतं. ते तिथंच राहिलं.

धागा नीट जुळला तो पॅरिसमध्ये. झाँ-पिएर फाल्रे या डॉक्टराचे रोगी वर्षानुवर्षं त्याच्या नजरेखाली असत, म्हणून त्याला फेरा दिसला: चढ, उतार आणि मधला बरा काळ. १८५१मध्ये त्यानं याला 'चक्राकार वेड' म्हटलं. १८५४मध्ये बायार्झे यानं 'दुहेरी रूपाचं वेड' मांडलं आणि आधी कोण यावर दोघांची जुंपली. १८९९मध्ये जर्मन डॉक्टर क्रेपेलिननं 'मॅनिक-डिप्रेसिव्ह' हे नाव रूढ केलं. जुने डॉक्टर अजून तेच म्हणतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या सूचीत 'बायपोलर' हे नाव आलं ते १९८०मध्ये.

औषध त्याआधीच सापडलं होतं. १९४९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यानं उन्मादावर, म्हणजे चढावर, लिथियम दिलं आणि ते लागू पडलं. आजही ते देतात, पण रक्तातलं प्रमाण, किडनी आणि थायरॉइड तपासत. सांगलीच्या एप्रिलात अंगातलं पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं.

आजच्या निकषांत ढोबळ हिशेब असा: चढ किमान सात दिवस, सौम्य चढ चार दिवस, उदासी दोन आठवडे. झोप कमी होऊनही अंगात जोर असणं ही मोठी खूण. पैशाची उधळण, तोंडाला विश्रांती नसणं, कुणी अडवलं की चिडणं, या पुढच्या. हे सांगायचं राहिलं आणि नुसत्या उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या, तर काहींचा पारा उलटा चढतो. अण्णांचंही तेच झालं.

साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी देवऋषी आणि करणीविरुद्ध हयात घालवली, तरी आमच्या भागात मनोविकाराचा डॉक्टर म्हटलं की 'येरवडा' हीच चेष्टा. सरकारी टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२पासून चालू आहे.

चुलती आता कालनिर्णयच्या चौकटीत रोज अण्णांच्या झोपेचे तास लिहिते. परवा डॉक्टरांनी पानं मागं उलटत नेली आणि मार्चच्या तीन चौकटींवर बोट ठेवलं. तिथं ३, ३, २ लिहिलं होतं.