३+४ आणि ४+३ : बेरीज सातच, पण प्रकरण वेगळं

आमचे ठाण्याचे, नौपाड्यातले काका रोज सकाळी उपवन तलावावर फिरायला जातात, तिथल्या त्यांच्या एका मित्रालाही प्रोस्टेटचाच कॅन्सर निघाला आणि ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) दोघांचा ७. मित्राला डॉक्टर म्हणाले घाई नको, लक्ष ठेवू. काकांना मात्र रेडिएशन, वर हार्मोन दाबायचं इंजेक्शन! मग काय, काकांचं सुरू, "मलाच लुटतायत हे लोक."

मी दोन्ही रिपोर्ट मोबाईलवर झूम करून बघितले, तर मित्राचा ३+४ आणि काकांचा ४+३.

शाळेत शिकलो तसं इथे चालत नाही, म्हणजे आकडे उलटे केले तरी उत्तर तेच असं नाही. पहिला आकडा म्हणजे बायोप्सीत तपासायला काढलेल्या तुकड्यात ज्या प्रकारच्या कॅन्सरपेशी जास्त पसरल्यात तो, दुसरा त्याखालोखालचा. ३ त्यातल्या त्यात शांत, ४ जरा आडदांड. मित्राकडे शांतवाले जास्त, काकांकडे आडदांड जास्त. रिपोर्टमध्ये खाली ग्रेड ग्रुप लिहिलेला असतो (१ ते ५, जितका मोठा तितका आडदांड), ३+४ चा २ आणि ४+३ चा ३, खरं तर तोच आधी बघावा, पण सगळ्यांची नजर सातवरच अडकते. रिस्क दोघांनाही इंटरमीडिएटच, म्हणजे मधलीच म्हणतात, घोळ तिथेच होतो.

आता ३+४ असला की सगळं आलबेल असंही नाही हां. पीएसए (प्रोस्टेटची रक्तातली तपासणी) १० ते २० मध्ये असेल किंवा बायोप्सीच्या निम्म्या किंवा जास्त तुकड्यांत कॅन्सर असेल तर तोही इंटरमीडिएटमधल्याच जास्त धोक्याच्या गटात ढकलला जातो. मित्राचे १२ पैकी २ च तुकडे पॉझिटिव्ह, पीएसए ७, म्हणून नुसती देखरेख चालली, आणि देखरेख म्हणजे सोडून देणं नव्हे, पीएसए, एमआरआय, परत बायोप्सी, सगळं मागे लागतंच. ४+३ ला नुसती देखरेख सहसा सुचवत नाहीत. रेडिएशन घेतलं तर सोबत साधारण ४ ते ६ महिने हार्मोनचं इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन.

ऑपरेशन की रेडिएशन यावर घरी दोन रविवार वाद झाला. ऑपरेशननंतर सुरुवातीला लघवी गळते, पॅड लावावे लागतात, बऱ्याच जणांचं नंतर सुधारतं. रेडिएशनमध्ये गळती कमी पण शौचाचा त्रास होऊ शकतो, पीएसएही हळूहळू उतरतो, लगेच शून्य दिसला नाही म्हणून घाबरायचं नाही. शिवाय ऑपरेशननंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं, उलटं फार अवघड. हा मुद्दा मला पटला होता, काकांना नाही. त्यांना पॅड नको होते, म्हणून रेडिएशन, विषय संपला. (इंजेक्शनने अंगातून वाफा येतात हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, मे महिन्यात ठाण्यात तसंही येतातच.)

रेडिएशनच्या २० सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे चार आठवडे. काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, बोटाने मोजलं आणि विचारलं, "गणपतीच्या आधी संपतंय ना?"