पांढरे केस, गुलाबी कातडी आणि नाशिकचे ऊन

जानेवारीत नाशिक गारठलेले असताना पंचवटीतल्या एखाद्या ओट्यावर पांढरी मांजर ऊन खात पडलेली दिसते. तिचा कान जवळून पाहिला, तर कधी कधी टोकावरचे केस विरळ झालेले, कड लालसर, खवलेदार आणि किंचित मुडपलेली आढळते. घरची मंडळी त्याला बोक्याशी झालेल्या भांडणातला ओरखडा समजतात. ओरखडा पंधरा दिवसांत भरून येतो; ही खपली मात्र पडते, पुन्हा धरते आणि काही वर्षांत तिची न भरणारी जखम होते.

हे काम उन्हाच्या चटक्याचे नसून त्यातल्या अतिनील किरणांचे असते. २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेच्या पेशींमधील डीएनएला इजा करतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य ते बरेचसे शोषून घेते. ते नसेल तर इजा साचत जाते आणि तिचे पर्यवसान स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या कर्करोगात होऊ शकते. हे किरण अंगाला जाणवत नाहीत, त्यामुळे गारव्यातले ऊन निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात २१ डिसेंबरलाही नाशिकचा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश वर असतो आणि २० मेच्या आसपास तर तो थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते.

मात्र पांढरा दिसणारा प्रत्येक प्राणी सारख्याच धोक्यात नसतो. पांढऱ्या पामेरियनचे नाक आणि पापण्यांच्या कडा बहुधा काळ्या असतात, शिवाय दाट केसांचे छत्र असतेच. म्हणून केस बाजूला सारून कातडी पाहावी. गर्भावस्थेत रंगपेशी पाठीच्या कण्यालगत तयार होऊन शरीरभर पसरतात आणि टोकाच्या भागांपर्यंत सगळ्या पोहोचतातच असे नाही. ठिपकेदार प्राण्यांचे पोट, पंजे आणि नाकाचा शेंडा पांढरा राहतो तो यामुळेच. डाल्मेशियन किंवा पांढरा बुल टेरियर जातीचा कुत्रा उताणा झोपला, की विरळ केसांचे नेमके तेच पोट उन्हाला सापडते. उन्हाळा आला म्हणून कुत्र्याचे केस मुळापासून कापून आणण्याची हौस मला म्हणूनच अनाकलनीय वाटते.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत प्राण्याला घरात किंवा दाट सावलीत ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. खिडकीची काच वर सांगितलेले किरण बऱ्याच अंशी अडवते, परंतु अधिक लांबीचे अतिनील किरण तिच्यातून आत येतात. कुत्र्याला पोट झाकणारा सुती अंगरखा चालतो. मांजर तो बहुधा अंगावर टिकू देत नाही.

आपले सनस्क्रीन मात्र लावू नये. प्राणी ते चाटतो. त्यातले झिंक ऑक्साइड वारंवार पोटात गेल्यास तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि सॅलिसिलेट वर्गातल्या रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला लवकर करता येत नाही. प्राण्यांसाठीचे मलम पशुवैद्यकाला विचारूनच आणावे.

न भरणारी खपली दिसल्यास पशुवैद्यक तिचा तुकडा तपासायला पाठवतो. रोग कानाच्या कडेपुरताच असेल, तर तेवढा भाग कापून काढल्यावर मांजर बहुधा पुढे ठणठणीत जगते. फक्त भटक्या मांजरांच्या नसबंदीची खूण म्हणूनही कान कापतात, त्यामुळे गल्लीतले लोक तिची नसबंदी झाली आहे असे समजतात.