अज्ञात हार्डवेअरची ओळख

अज्ञात हार्डवेअरची ओळख : संगणकात बसवलेल्या, पण ऑपरेटिंग सिस्टिमला न उमगलेल्या घटकाचा निर्माता व नमुना निश्चित करून त्याला लागू पडणारा ड्रायव्हर (घटक चालवणारा प्रोग्रॅम) मिळवण्याची पद्धत. जुन्या यंत्रावर सिस्टिम नव्याने टाकली आणि मूळ सीडी सापडत नसली, की तिची गरज पडते. खोक्यावरचे किंवा स्टिकरवरचे कंपनीचे नाव येथे फारसे कामाचे नसते. ड्रायव्हर जुळतो तो कार्डावरच्या चिपशी, आणि वेगवेगळ्या नावांनी विकलेल्या अनेक कार्डांवर एकच चिप असू शकते.

घटकाने आपण कोण हे स्वतःहून सांगावे ही कल्पना नेमकी कोठून सुरू झाली याबद्दल मतभेद आहेत. ‘ओळख’ या शब्दाचा अर्थ किती ताणायचा, यावर उत्तर अवलंबून राहते. ॲपल टू (१९७७) या संगणकात प्रत्येक स्लॉटच्या (कार्ड बसवायच्या खाचेच्या) वाट्याला रॉमसाठी (कायमस्वरूपी स्मृतीसाठी) २५६ बाइटांची जागा येई आणि नंतरचा ऑटोस्टार्ट रॉम असलेले यंत्र सुरू होताना त्यातले ठराविक बाइट तपासून तेथे डिस्कचे कार्ड आहे की नाही हे ठरवी. काही जण परंपरा येथूनच मोजतात. परंतु त्या बाइटांवरून कार्डाचा प्रकार कळे, निर्माता कळत नसे. म्हणून याला पूर्वपीठिका म्हणणे अधिक रास्त. दुसरा दावा कमोडोरच्या अमिगा संगणकाचा (१९८५). त्याच्या ऑटोकॉन्फिग पद्धतीत साखळीतले एकच कार्ड एका वेळी बोलते : निर्मात्याचा १६ बिटांचा आणि वस्तूचा ८ बिटांचा क्रमांक सांगते, स्वतःसाठी पत्ता मिळवते आणि मग पुढच्या कार्डाला वाट करून देते. न्यूबस या बसचा (कार्डे जोडणाऱ्या सामाईक मार्गाचा) जन्म एमआयटीतला व त्याआधीचा. मात्र सर्वसाधारण ग्राहकाच्या हाती ती १९८७ मध्ये मॅकिंटॉश टू बरोबर आली. तिच्यात कार्डाची माहिती कार्डावरच्याच रॉममध्ये असे. त्याच वर्षी आयबीएमने पीएस/२ संगणकांत मायक्रोचॅनेल ही बस आणली.

केवळ कालक्रम पाहिला तर, निर्माता व वस्तू असे दोन्ही क्रमांक सांगणारी घरगुती संगणकावरची पद्धत म्हणून अमिगाला मान द्यावा लागतो. ड्रायव्हर-शोधाच्या दृष्टीने मात्र मायक्रोचॅनेलचे पारडे जड वाटते. तिच्या प्रत्येक कार्डाला १६ बिटांचा क्रमांक होता आणि सोबतच्या फ्लॉपीवर त्याच क्रमांकाच्या नावाची, एडीएफ शेपटीची, वर्णन-फाइल असे. फ्लॉपी हरवली की कार्ड धडधाकट असूनही अडून बसे. क्रमांक हातात आणि फाइल गायब, हा आजही नेहमीचा असलेला प्रसंग तेव्हाच उभा राहिला होता.

आयबीएमला उत्तर म्हणून कॉम्पॅक, एचपी आदी नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये जाहीर केलेल्या ईसा बसने आणखी एक वारसा ठेवला : कंपनीची तीन अक्षरे व पुढे चार षोडशमान (१६ पायाचे) अंक. रोमन लिपीतली २६ अक्षरे ५ बिटांत मावतात, त्यामुळे तीन अक्षरे १५ बिटांत म्हणजे दोन बाइटांत बसवता आली. ही काटकसर पुढे आयसा या जुन्या पीसी बसच्या प्लग-अँड-प्लेमध्ये (आपोआप ओळखीच्या सोयीत), एसीपीआयमध्ये (मदरबोर्डवरच्या घटकांची यादी सिस्टिमला देणाऱ्या प्रमाणात) आणि मॉनिटर केबलमधून जी स्वतःची माहिती पाठवतो तीतही टिकली. याच घाटाचा पीएनपी०५०१ हा संकेत मात्र कोणत्याही कंपनीचा नाही. तो सर्वसाधारण सीरियल पोर्टचा आहे.

प्लग-अँड-प्लेच्या आधीची, जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) लावायची आयसा कार्डे मुकी होती. त्यांना ओळखायचे तर ठराविक पोर्टवर (कार्डाशी बोलण्याच्या पत्त्यावर) काहीतरी लिहून काय परत येते ते पाहायचे. एनई२००० जातीच्या नेटवर्क कार्डाचा पत्त्याचा रॉम वाचला की षोडशमान ५७ हा बाइट, म्हणजे रोमन ‘डब्ल्यू’, लागोपाठ दोनदा मिळतो. एवढ्या खुणेवर भागवावे लागे. असे चाचपडणे धोक्याचे होते, कारण त्याच पोर्टवर दुसरे कार्ड असेल तर अख्खे यंत्र गोठे. विंडोज ९५ च्या सेटअपने हे गृहीतच धरले होते. कोणती चाचणी चालू आहे ते सेटअप आधी डेटक्रॅश नावाच्या लॉगमध्ये नोंदवी. यंत्र गोठले तर वीज बंद करून पुन्हा चालू करायची, मग ती पायरी टाळून काम पुढे सरके.

पीसीआय बसने (१९९२) ही अंधारातली चाचपणी संपवली. प्रत्येक घटकाला २५६ बाइटांचे वर्णन-क्षेत्र मिळाले आणि त्यातल्या पहिल्या ६४ बाइटांची मांडणी ठरून गेली. आरंभीचे दोन बाइट निर्मात्याचे, नंतरचे दोन वस्तूचे. इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे कंपनीच्या १९७८ च्या प्रोसेसरचेच नाव. कच्चे बाइट पाहिल्यास मात्र ते ८६ ८० असे उलटे दिसतात. व्हिडिओ चिप बनवणाऱ्या एस३ कंपनीचा क्रमांक ५३३३ आहे : आस्की या अक्षरांच्या संकेतात ५३ म्हणजे ‘एस’ आणि ३३ म्हणजे ‘३’. क्रमांकवाटपातही थोडी हौस भागवून घेतली जात होती, हे यावरून दिसते. रिकाम्या स्लॉटमधून सगळे बिट १ येतात, म्हणून एफएफएफएफ हा क्रमांक कोणालाच दिलेला नाही.

त्याच ६४ बाइटांत तीन बाइटांचा वर्ग-संकेतही असतो. ड्रायव्हर नसताना डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह दिसणारी ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’सारखी मोघम नावे विंडोज या संकेतावरून तयार करते. या एकाच नावामागे जुन्या यंत्रात बहुधा सॉफ्टवेअर मोडेम असतो, तर नंतरच्या यंत्रांत इंटेलचे मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला स्वतंत्र नियंत्रक). नाव शोधत बसण्यात म्हणूनच वेळ वाया जातो. गुणधर्मांच्या खिडकीतील ‘डिटेल्स’ भागात ‘हार्डवेअर आयडी’ निवडून ‘व्हेन’ (निर्माता) व ‘डेव्ह’ (वस्तू) यांच्यापुढचे चार-चार अंक घ्यावेत. लिनक्समध्ये हेच काम एलएसपीसीआय ही आज्ञा करते. ती मार्टिन मारेश यांच्या पीसीआययुटिल्स संचातील असून क्रमांकांची नावे सर्वांसाठी खुल्या यादीतून घेते.

हे दोन क्रमांक पुरतातच असे नाही. ८०८६–२४१५ म्हणजे इंटेलच्या ८२८०१एए चिपमधला एसी’९७ ऑडिओ कंट्रोलर. पण प्रत्यक्ष आवाज काढणारी कोडेक चिप निराळी, बहुतेकदा दुसऱ्याच कंपनीची असते. कोडेक आपली ओळख स्वतःच्या ७सी व ७ई या रजिस्टरांत (चिपमधल्या छोट्या कप्प्यांत) ठेवतो. ॲनालॉग डिव्हायसेसच्या कोडेकात तेथे ‘ए’, ‘डी’, ‘एस’ ही अक्षरे मिळतात. रजिस्टर वाचण्याची सोय नसेल तर ‘हार्डवेअर आयडी’तला ‘सबसिस’ (उपप्रणाली) यापुढचा आकडा पाहावा. त्यावरून मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणारा कळतो, आणि त्याच्या संचात बरोबर कोडेकचा ड्रायव्हर असण्याची शक्यता जास्त.

नुसते ‘अननोन डिव्हाइस’ असे दिसले तर घटक पीसीआयवरचा नसून एसीपीआयने जाहीर केलेला असण्याचा संभव मोठा. तेथे वर्ग-संकेत नाही, म्हणून मोघम नावसुद्धा बनत नाही. एचपीक्यू०००४ हा संकेत एचपी लॅपटॉपमधल्या, यंत्र पडत असल्याचे जाणून हार्ड डिस्कला सावध करणाऱ्या सेन्सरचा आहे. चिपसेटच्या ड्रायव्हरांत तो कितीही धुंडाळला तरी मिळणार नाही. तो लॅपटॉप-निर्मात्याच्या पूरक सॉफ्टवेअरबरोबर येतो. यूएसबी उपकरणेही निर्माता व वस्तू असे १६-१६ बिटांचे क्रमांक सांगतात.

क्रमांक न देणाऱ्या कार्डासाठी शेवटी झाकण उघडावेच लागते. सर्वांत मोठ्या चिपवरची ओळ तिरप्या उजेडात वाचावी. चार अंकी आकडा बहुधा तारखेचा असतो : ९८४२ म्हणजे १९९८ चा ४२ वा आठवडा, त्याला चिपचा नमुना समजण्याची चूक सर्रास होते. अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण-नियामकाचा ओळख-क्रमांक छापलेला असल्यास त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून अर्जदार कंपनी शोधता येते.

मिळालेला ड्रायव्हर खरोखर त्याच घटकाचा आहे का, हे तो बसवण्यापूर्वीही पडताळता येते. संचातली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या क्रमांकांना लागू ते सांगणारी) साधा मजकूर असते; ती नोटपॅडमध्ये उघडून आपला क्रमांक शोधावा. तो नसेल तर ‘हीच मालिका’ असे कोणी सांगितले तरी ड्रायव्हर आपोआप जुळणार नाही. तीत उपप्रणालीच्या आकड्यासह लिहिलेली नोंद मोघम नोंदीपेक्षा वरचढ ठरते. विंडोज ९५ च्या काळातले व्हीएक्सडी ड्रायव्हर विंडोज २००० व एक्सपीवर चालत नाहीत, ३२ बिटांचे ६४ बिटांवर चालत नाहीत, आणि ६४ बिटांच्या व्हिस्टापासून कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) शिरणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. त्यामुळे क्रमांक जुळूनही काही जुनी कार्डे त्यांच्या काळातल्या सिस्टिमवरच चालवावी लागतात.