निसर्गचित्रण, प्रत्यक्ष स्थळी

डोंगर, शेत, नदी किंवा समुद्र यांच्यासमोर बसून, दिसते ते तिथल्या तिथे रंगवण्याची पद्धत. चित्रकार बोलताना याला ‘स्पॉटवर काम करणे’ किंवा नुसतेच ‘लँडस्केपला जाणे’ म्हणतात. स्टुडिओत रचलेल्या निसर्गचित्राचा विषयही हाच असतो. फरक पडतो तो वेळेचा. सूर्य आकाशात तासाला सुमारे १५ अंश सरकतो, त्यामुळे आठ वाजता आखलेली झाडाची सावली दहा वाजता त्या जागी नसते. चित्र पुरे होईपर्यंत समोरचे दृश्य दुसरेच झालेले असते. या पद्धतीतल्या बहुतेक युक्त्या या एका अडचणीतून निघाल्या आहेत.

बाहेर जाऊन अभ्यासचित्रे करण्याची चाल युरोपात जुनी आहे, पण ती पुढच्या मोठ्या चित्राची बेगमी समजली जाई. फ्रेंच चित्रकार व्हालांसिएन याने १८०० साली यथादर्शनावरील (सपाट कागदावर अंतर आणि खोली दाखवण्याच्या शास्त्रावरील) ग्रंथात असा सल्ला दिला, की अशा अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये. सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्धाच तास. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांची कितीतरी चित्रे केली आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपून ठेवली. खरी सोय झाली ती १८४१ मध्ये. अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड याने कथलाच्या, पिळता येणाऱ्या रंगनळीचे पेटंट घेतले. तोवर घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरत आणि टोचून बाहेर काढत. पिशवी एकदा टोचली, की आतला रंग टिकवणे जिकिरीचे. पुढे दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट), म्हणजे त्या क्षणीचा उजेड टिपू पाहणाऱ्या चित्रकारांनी बाहेर केलेले चित्र हेच अंतिम चित्र मानायला सुरुवात केली. चीनमधील पर्वत-जल चित्रपरंपरेची वाट मात्र निराळी होती. तिथे डोंगरात मनसोक्त हिंडून यायचे आणि घरी बसून आठवणीतून रंगवायचे, हीच रीत मान्य होती.

जागेवर पोचल्यावर पहिला निर्णय दृश्याचा नसून बसण्याचा असतो. ऊन थेट कॅनव्हासवर पडले, तर प्रत्येक रंग आहे त्याहून उजळ भासतो. चित्रकार नकळत गडद रंग लावत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेले निघते. म्हणून सावली किंवा छत्री हवीच. मग दोन हातांच्या बोटांची किंवा पुठ्ठ्याची चौकट करून दृश्य छाटायचे. नवशिके इथेच घसरतात. त्यांना सगळेच हवे असते. डोळे किलकिले करून पाहिले, की बारकावे पुसले जातात आणि गडद-उजळाचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. काडेपेटीएवढ्या पेन्सिल रेखाटनात ते नोंदवून सावल्या एकदा ठरवल्या, की सूर्य कुठेही जावो, त्या हलवायच्या नाहीत. ‘आता तर उजेड जास्तच छान पडलाय’ या मोहात दुसऱ्या वेळेचा प्रकाश पहिल्या चित्रात शिरला, की दोन्ही वाया जातात.

तैलरंगात सहसा गडदाकडून उजळाकडे जातात. पारदर्शक जलरंगात याच्या उलट. तिथे पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो, आणि तो कधी वाळणार हे हवा ठरवते. कडक उन्हात वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर) पसरायच्या आत कड धरतो, दमट हवेत अर्धा तास ओला राहतो.

अंतर दाखवायला हवेची मदत होते. दूरच्या गडद गोष्टी निळसर आणि फिक्या होतात, कारण मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्यांच्यावर चढतो. हिरव्याबद्दल एक सांगायला हवे: नळीतला हिरवा जसाच्या तसा लावलेले झाड क्वचितच झाडासारखे दिसते. त्यात थोडा तांबडा किंवा तपकिरी मिसळला, की ते शांत होते.

समुद्रापुढे यातले बरेचसे कोलमडते. झाड निदान एका जागी उभे असते. लाट पाहून ब्रश टेकवेपर्यंत फुटलेली असते, म्हणून लाटेचे चित्र काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहावे लागते. पाणी कुठे उचलते, कोणत्या खडकापाशी फुटते, माघारी फिरताना फेसाची जाळी कशी ताणली जाते, हे पुन्हापुन्हा घडत असते. रंगवायचे ते हे वळण. एखादी विशिष्ट लाट कुणालाच रंगवता येत नाही. उभ्या लाटेच्या पातळ माथ्यातून उजेड आरपार येतो आणि तिथे पाणी हिरवे पेटते. तळाशी तीच लाट गडद असते. फेसही सरसकट पांढरा नसतो. सावलीतला फेस निळसर राखाडी असतो, आणि तो तसा ठेवला तरच उन्हातला फेस चमकतो. पायाजवळ पाण्याच्या आतला रंग दिसतो, दूर आकाशाचे प्रतिबिंब वाढत जाते. पण दूरच्या लाटांच्या आपल्याकडे कललेल्या बाजू आकाशाच्या वरच्या, अधिक गडद भागाचे प्रतिबिंब दाखवतात. म्हणून वारा असताना क्षितिजाशी समुद्र आकाशापेक्षा गडद दिसतो. क्षितिजरेषा डोळ्यांच्या पातळीवर आणि काटेकोर आडवी हवी. ती जराशी कलली, तरी समुद्र सांडतो आहे असे वाटते.

किनाऱ्यावरचे काम जिकिरीचेच. फ्रेंच दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने याने १८७० मध्ये फ्रान्समधल्या त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर केलेल्या एका छोट्या चित्रातल्या रंगात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत. १८८५ मध्ये फ्रान्सच्याच किनाऱ्यावरच्या एत्रेताला भरतीचा अंदाज चुकून एका लाटेने त्याला कड्यावर आदळले. सामान वाहून गेले आणि पॅलेटवरचे रंग दाढीला लागले.

घरी आणलेल्या चित्राला हात लावावा की नाही, यावर चित्रकारांत एकमत नाही. छायाचित्राचा आधार घेणारे पुष्कळ आहेत, पण छायाचित्रात सावल्या काळ्याभोर होतात आणि तेजस्वी आकाश कोरे पडते; त्यावर विसंबले, तर जागेवर पाहिलेले नेमके तेच हरवते. त्याच जागी, त्याच वेळी, तशाच हवेत पुन्हा जाणे अधिक चांगले. मोने एकाच विषयाचे अनेक कॅनव्हास सोबत ठेवी आणि उजेड बदलला, की कॅनव्हास बदली. तरी स्पॉटवरच्या कामाचा आदर्श मानला जाणारा हा चित्रकारही स्टुडिओत बसे. रूआं शहरातल्या कॅथीड्रलची (मोठ्या चर्चची) मालिका त्याने १८९२ आणि १८९३ मध्ये समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून रंगवली आणि मग झिव्हर्नीच्या घरी पुरी केली. त्यातल्या बहुतेक चित्रांवर साल आहे १८९४.