विलगीकरण भरपाई

विलगीकरण भरपाई : साथीच्या काळात संसर्गामुळे किंवा बाधिताच्या संपर्कात आल्यामुळे घरी वेगळे राहावे लागलेल्या, पण घरून काम करणे शक्य नसलेल्या कामगाराला बुडालेल्या मजुरीपोटी शासनाकडून मिळणारी रक्कम. आजारपणाच्या भत्त्याहून ती निराळी. कारण असा कामगार आजारी असेलच असे नाही.

तिचा उगम कोठे धरावा, याचे उत्तर भरपाईच्या अर्थानुसार बदलते. १६३०–३१ च्या प्लेगमध्ये फ्लॉरेन्सच्या आरोग्य मंडळाने घरांत कोंडलेल्या कुटुंबांना अन्न पुरविले. मात्र तो शिधा होता, मजुरीचा मोबदला नव्हे. मुंबईतील प्लेगनंतर झालेल्या १८९७ च्या साथरोग अधिनियमात (कलम २) खर्च कोणी व कसा सोसावा हे ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला असून त्या खर्चात ‘भरपाई असल्यास’ तीही धरली आहे. ‘असल्यास’ या शब्दामुळे कामगाराच्या हाती हक्क असा काही येत नाही. ३० जून १९०० च्या जर्मन साथरोग कायद्याने मात्र पटकी, प्लेग, देवी आदी रोगांत अलग ठेवलेल्या, सक्तीच्या अपंगत्व विम्याखालील कामगारांना बुडालेल्या कमाईची भरपाई मागण्याचा हक्क दिला (कलम २८). हक्क म्हणून आरंभ येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. जर्मनीच्या विद्यमान कायद्यातही (२००१, कलम ५६) हेच सूत्र आहे : पहिले सहा आठवडे बुडालेले पूर्ण वेतन मिळते; मालक ते आधी देतो व शासनाकडून वसूल करतो. लस उपलब्ध असूनही न घेतलेल्यांची ही भरपाई २०२१ च्या शरदात थांबविण्यात आली.

कोविड-१९ च्या काळात इंग्लंडने एकरकमी पद्धत स्वीकारली. २८ सप्टेंबर २०२० पासून विलगीकरण कायद्याने बंधनकारक झाले, मोडल्यास किमान १,००० पौंड दंड. त्याच दिवसापासून कमी उत्पन्नाच्या, युनिव्हर्सल क्रेडिटसारखे (अल्प उत्पन्नाच्या लोकांना मिळणारे) सरकारी साहाय्य घेणाऱ्या कामगारांना स्थानिक परिषदांमार्फत ५०० पौंड मिळू लागले. त्या सुमारास वैधानिक आजारभत्ता आठवड्याला ९५.८५ पौंड होता. वेल्सने ऑगस्ट २०२१ मध्ये रक्कम ७५० पौंड केली. इंग्लंडमधील योजना फेब्रुवारी २०२२ मध्ये संपली. ऑस्ट्रेलियात १४ दिवसांसाठी १,५०० डॉलर दिले जात. आरंभ व्हिक्टोरियातून झाला.

भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेचा आजारपण लाभ (वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळतो. नाक्यावरचे मजूर व घरकामगार सामान्यतः या विम्याच्या कक्षेबाहेर आहेत.