मऊ लागणारे पेडल आणि खाली बसत जाणारे पेडल

अचलपूर-परतवाड्याच्या आसपासच्या गावांत गाडीचा ब्रेक नीट लागेनासा झाला, की 'ब्रेक खाली जाऊन राहिला' एवढेच सांगितले जाते आणि या एका वाक्यात दोन अगदी वेगळे बिघाड दडलेले असतात. एकात ब्रेकच्या पाइपांमध्ये हवा शिरलेली असते, तर दुसऱ्यात मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी सील झिजलेले असते. पहिला बिघाड अंगणात, दोन माणसांच्या मेहनतीने आणि ब्रेक ऑइलच्या एका बाटलीने दुरुस्त होतो. दुसऱ्यावर मात्र कितीही बाटल्या ओतल्या तरी काही फरक पडत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी यातला नेमका कोणता बिघाड आहे हे ठरवणे, हेच या कामातले खरे काम आहे.

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल पुढे ढकलतो, आणि द्रव दाबून आकसत नसल्यामुळे पायाचा जोर वाया न जाता चाकांपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते. पाइपात हवेचा बुडबुडा असला, की पायाचा जोर आधी तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. सील झिजल्यावर वेगळेच घडते: ऑइल बाहेर सांडत नाही, तर दट्ट्याच्या पुढून सीलच्या कडेने मागे सरकते आणि दाब आतल्या आत सुटत राहतो.

तपासणी इंजिन बंद ठेवून करावी. पायाचा जोर वाढवणाऱ्या बुस्टरमधला व्हॅक्यूम संपावा म्हणून पेडल आधी चार-पाच वेळा दाबून सोडावे आणि मग ते एकसारख्या जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. हवा असेल तर पायाखाली ओल्या स्पंजासारखा मऊपणा जाणवतो. भराभर पंप केल्यास पेडल वर येते, कडक होते आणि दाबून धरले की आहे तिथेच थांबते. सील गेलेले असेल तर पेडल सुरुवातीला चांगले कडक लागते, पण पायाचा जोर तोच असताना ते हळूहळू खाली बसत जाते. हीच तपासणी हलक्या पायानेही करावी, कारण जोरात दाबल्यावर सीलची कड सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटून दाब धरू शकते आणि हलक्या दाबाला तेच सील ऑइल सोडते. रेल्वे फाटकाशी गाडी हलक्या पायाने थांबवून ठेवलेली असताना पेडल खाली सरकत असल्याचे प्रथम लक्षात येते, ते याचमुळे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेडल दाबून ठेवून इंजिन सुरू केले, की ते थोडेसे खाली जाते. तो बिघाड नसून बुस्टर चालू असल्याची ती खूण आहे.

ऑइलच्या डब्यातली पातळी उतरत असेल, तर बहुधा गळती बाहेर कुठेतरी आहे. अशा वेळी चारही चाकांच्या आतली बाजू आणि मास्टर सिलिंडर बुस्टरला जिथे जोडलेला असतो ती जागा ओली आहे का ते पाहावे, आणि गळती सापडल्यास गाडी जागची हलवू नये. मागच्या ड्रममधले लायनर झिजून अंतर वाढल्यानेही पेडल खोल जाते, पण तिथे पोहोचल्यावर ते कडक लागते.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना अचानक मऊ पडलेले आणि गाडी गार झाल्यावर पुन्हा ठीक झालेले पेडल हा हवेचाच एक भाऊबंद आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ या प्रतीच्या नव्या ऑइलसाठी तो किमान 205 अंश सेल्सिअस ठरवलेला आहे, ओलावा शोषल्यावर किमान 140. डॉट ४ साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. उतारावर सतत ब्रेक दाबून तापलेल्या चाकाजवळ जुने ऑइल उकळते आणि त्याची वाफ दबू लागते. यावरचा उपाय म्हणजे सगळे ऑइल बदलणे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणे.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून आणि पक्क्या स्टँडवर उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाशी हात घालू नये. आपल्याकडची काळी माती निपलभोवती, म्हणजे हवा सोडण्यासाठी चाकाच्या ब्रेकवर असलेल्या छोट्या पोकळ स्क्रूभोवती, सिमेंटासारखी घट्ट बसते, तेव्हा आधी ब्रशने ती पूर्ण काढावी. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे नवे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल अर्धा आटा उघडावा आणि पेडल सोडण्याआधी तो बंद करावा. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे करत राहावे आणि डब्यातले ऑइल किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, परंतु गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांना या कामासाठी स्कॅनर लागतो.

या कामातच पहिला बिघाड दुसऱ्याला जन्म देऊ शकतो. माझ्या थोरल्या भावाच्या बारा वर्षे जुन्या गाडीची हवा काढताना आम्ही पेडल थेट तळापर्यंत दाबत राहिलो. रोजच्या वापरात दट्ट्या जिथे कधी पोहोचत नाही, त्या भागात सिलिंडरच्या भिंतीवर गंज आणि गाळ साचलेला असतो, आणि त्यावर घासून सीलची कड फाटते. हवा निघाली, पेडल कडक झाले आणि संध्याकाळी तेच पेडल पायाखाली बसू लागले. तेव्हापासून मी पेडलखाली दोन बोटे जाडीचा लाकडाचा ठोकळा ठेवल्याशिवाय हे काम करत नाही.

सील गेल्याचे निश्चित झाल्यावर नुसते सीलचे किट बदलण्यापेक्षा पूर्ण मास्टर सिलिंडर बदलावा असे माझे मत आहे, कारण खड्डे पडलेली भिंत नव्या सीललाही खाते. हे काम गॅरेजकडे सोपवावे आणि गाडी तिथपर्यंत ओढून न्यावी. हवा काढलेली गाडी मात्र अर्ध्या मिनिटाची तीच तपासणी पुन्हा करून, आधी मोकळ्या मैदानात हळू चालवून पाहावी आणि मगच रस्त्यावर काढावी.