अळीमिळी गुपचिळी ते गोंधळ: एका इंग्रजी शब्दाची पार्श्वभूमी

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या चौथ्या अंकातील पाचव्या प्रवेशात राजा क्लॉडियस कबूल करतो की, मारला गेलेला आपला मंत्री पोलोनियस याला ‘हग्गर-मग्गर’ (hugger-mugger) पुरण्यात आपण शहाणपण दाखवले नाही. सोलापुरात हा प्रवेश शिकवताना विद्यार्थी येथे हमखास थबकतात, कारण शब्दकोशात त्यांना गुप्तता आणि गोंधळ असे दोन अर्थ सापडतात आणि त्यांचा परस्परांशी संबंध लागत नाही.

हा शब्द इंग्रजी लेखनात १५२० च्या दशकापासून आढळतो. ‘हकर-मकर’ हे त्याचेच भावंड. दडवून साठवणे या अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाशी काही अभ्यासक त्याचे मूळ जोडतात. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांतली मुले अशा वेळी ‘गुट्टु’ सुचवतात, कन्नड बोलणारीही तोच शब्द सांगतात, आणि गुपित हा त्याचा अर्थ दोन्हीकडे बरोबरच आहे; तरी यमकाचा नाद जुळतो तो आपल्या ‘अळीमिळी गुपचिळी’शी.

थॉमस नॉर्थने १५७९ मध्ये प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कची चरित्रे इंग्रजीत आणली. त्यांतील सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रुटसच्या चरित्रात, सीझरचा अंत्यविधी सन्मानाने व्हावा, ‘हग्गर-मग्गर’ नव्हे, नाहीतर लोक अधिक बिथरतील, असे सीझरचा साथी अँटनी याचे म्हणणे येते. शेक्सपिअरने हे भाषांतर वाचले होते. दोन्हीकडे प्रसंग प्रेताचा आणि धास्ती लोकांची, हे मला फार महत्त्वाचे वाटते. क्लॉडियसही त्याच दमात सांगतो की, प्रजेची मने गढूळ झाली असून कुजबुज वाढली आहे. म्हणजे पुढे रूढ झालेल्या गोंधळाच्या अर्थाला लागणारी जमीन येथेच तयार दिसते.

‘गोंधळ’ या आपल्या शब्दाचाही अर्थ असाच सरकला आहे. तुळजापूर सोलापूरहून जवळ असल्याने लग्नानंतरचा गोंधळ येथे अनेक घरांनी पाहिलेला असतो: चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ वाजू लागते आणि एकेका देवतेला नाव घेऊन बोलावले जाते. इतक्या शिस्तीच्या विधीचे नाव बोलण्यात बेशिस्तीला मिळाले.

आजच्या इंग्रजीत अस्ताव्यस्तपणाचा अर्थही चांगलाच रुळला आहे, त्यामुळे संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा लागतो. क्लॉडियसच्या वाक्यापुरते मात्र मी विद्यार्थ्यांना वहीत ‘गुपचूप, घाईघाईने’ असे लिहायला सांगतो.